कलमी चिकू, रायवळ माणूस

डहाणूजवळच्या चिंचणीच्या आसपास दोन वस्तू अशा तयार होतात की पहिला नग आणि हजारावा नग यांत फरक काढून दाखवणाऱ्याला खुशाल बक्षीस लावावं. पहिली वस्तू म्हणजे दागिन्यांची डाय. गावात आणि भोवतालच्या वाड्यांमध्ये कित्येक घरांतून हे काम चालत आलंय. पोलादाच्या ठोकळ्यावर मान मोडेस्तोवर वाकायचं आणि नक्षी कोरायची, तीही उलटी. मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा दाबतो आणि एकाच कोयरीच्या हव्या तितक्या कोयऱ्या निघतात. ज्याने डाय कोरली त्याच्या बायकोच्या गळ्यात ती कोयरी असेलच असं नाही, पण गळ्यागळ्यातली कोयरी मात्र तीच.

दुसरी वस्तू चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो जरा ताठ मानेने पेटीत बसतो. वास्तविक गडी मूळचा मेक्सिकोकडचा, पण इथे इतका रुळला की आता इथलाच म्हणून त्याच्याकडे सरकारी दाखला आहे. हा चिकू बी टाकून लावत नाहीत. बी टाकलं तर झाड येतं, पण त्याला फळ कधी धरेल आणि कसलं धरेल हे त्या झाडालाच ठाऊक. म्हणून रायणीच्या रोपाचा खुंट घेतात आणि कालीपत्ती जातीच्या चांगल्या चिकूच्या फांदीशी त्याची भेट घडवून कलम बांधतात. खाली रायण, वर चिकू. रायण जन्मभर जमिनीतून पाणी ओढून वर पाठवते आणि फळाच्या पेटीवर तिचं नाव कुठेही नसतं. (हे वाचून गावातल्या काही सुना माझ्याकडे रोखून बघतील, पण मी रायणीबद्दलच बोलतोय.)

आता गंमत बघा. कलमाला आई-बाप नसतात. ज्या झाडाची फांदी घेतली तेच झाड नव्या खुंटावर पुन्हा उभं राहतं. म्हणजे डहाणूपासून बोर्डीपर्यंत जे लाखो कालीपत्ती उभे आहेत, ते एकमेकांचे भाऊ नाहीत, मुलगे नाहीत की नातू नाहीत. ते सगळे मिळून एकच गृहस्थ आहेत आणि ते एकाच वेळी अनेकांच्या वाडीत राहतात.

अशा मुलखात वाढलेल्या माणसाची अपेक्षा वाढली तर त्याला दोष कसा द्यायचा? सकाळी डायवरून कोयरी काढायची, दुपारी कालीपत्तीचं कलम बांधायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पोराचं गणिताचं प्रगतिपुस्तक उघडायचं. "हा कोणावर गेलाय?" हा प्रश्न जितक्या कळवळून इथे विचारला जातो तितका दुसरीकडे विचारत नसतील.

तो प्रश्न खरं तर बारशालाच निकालात काढलेला असतो. पाळण्याभोवती बायका जमल्या की बाळाची रीतसर वारसनोंद सुरू होते. नाक कोणाच्या नावे, हनुवटी कोणाच्या नावे, कानाची पाळी सामाईक. बाळाची आत्या कपाळावर हक्क सांगते, मावशी डोळे सोडायला तयार नसते. आजीबाई बाळाचा पाय वर करून करंगळी तपासतात आणि "आमच्या अण्णांची करंगळी!" असं जाहीर करतात. अण्णांना जाऊन वीस वर्षं झालेली, त्यांच्या करंगळीचा फोटो कोणी काढून ठेवलेला नाही, त्यामुळे हरकत घेता येत नाही. बाळ मात्र या वेळी एखाद्या उकडलेल्या रताळ्यासारखं लालबुंद आणि सर्वांपासून अलिप्त असतं. बापावर गेलेली मुलगी आणि आईवर गेलेला मुलगा भाग्यवान असतात, असं आपल्याकडे म्हणतात. हे कोणी काढलं ठाऊक नाही, पण मोठा मुत्सद्दी माणूस असला पाहिजे. दोन्ही व्याह्यांना एका वाक्यात गप्प केलं.

ग्रेगोर मेंडेल नावाच्या साधूने ब्रनोच्या मठात वाटाण्याची झाडं मोजून मोजून १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम छापले. चौतीस वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९०० साली ते पुन्हा सापडले. चिंचणीत मात्र त्याआधीपासून एक नियम पाळला जातोय आणि त्याला आजवर अपवाद सापडलेला नाही : चांगला गुण आपल्याकडून येतो, वाईट गुण व्याह्यांकडून. मुलगा पहिला आला तर आमच्या घराण्यातच मुळी बुद्धी. नापास झाला तर, "त्याचा मामा नाही का, तीनदा बसला मॅट्रिकला!" मामा ही सोय फार मोठी आहे. हट्टीपणा, डावखुरेपणा, रात्री जागणं, भात कमी आणि आमटी जास्त घेणं, सगळं मामाच्या खात्यावर टाकता येतं.

टकलाच्या बाबतीत मामा थोडा खरोखरच गुन्हेगार आहे. टकलाशी संबंध असलेला एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. पण तो एकटा नाही. टकलात भाग घेणारे दुसरे जनुक पुष्कळ आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी येतात. म्हणजे बायकोच्या माहेरावर ठपका ठेवण्यापूर्वी नवऱ्याने आरशात बघावं, आणि वडिलांकडेही बघून घ्यावं.

मुळात बाळ कोणावरच जात नाही, ही खरी अडचण आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. मूल होताना आई प्रत्येक जोडीतलं एक देते आणि बाप एक. कोणतं द्यायचं ते छापा-काटा. तेवीस वेळा छापा-काटा केला तर एका पालकाकडून होणाऱ्या निरनिराळ्या जुळण्या किती? ८३,८८,६०८. आकडा पुन्हा वाचा. जवळजवळ चौऱ्याऐंशी लाख! जीव चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरतो असं कीर्तनकार सांगतात तेव्हा आपण पेंगत असतो, आणि इथे तो हिशेब नुसत्या एका बापाच्या पदरात बसलाय. आईचे तितकेच वेगळे. दोघांचा गुणाकार सत्तर लाख कोटींच्या घरात जातो. शिवाय गुणसूत्रं देता देता आपसात तुकड्यांची अदलाबदलही करतात, ती यात धरलेलीच नाही. एवढ्या ढिगाऱ्यातून एक चिठ्ठी निघते आणि आपण तिच्याकडून नेमकी आपल्यासारखी सही मागतो.

सटवाईचं मला या बाबतीत कौतुक वाटतं. पाचवीच्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. आपण पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतो, एवढाच खर्च. माणसाच्या जनुकसंचातली सुमारे तीनशे कोटी अक्षरं नुसती वाचायला जगभरच्या शास्त्रज्ञांना १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. बाई ती एका रात्रीत लिहून दुसऱ्या घरच्या पाचवीला जातात. अक्षर मात्र डॉक्टरी असावं, कारण अजून बऱ्याच ओळी कोणाला लागत नाहीत.

शाळेत हा धडा आला की एक प्रयोग ठरलेला : जीभ बाहेर काढा आणि दोन्ही कडा वर वळवून नळी करा. ज्याला जमली तो प्रभावी, नाही जमली तो अप्रभावी. वर्गातली निम्मी पोरं जिभेच्या नळ्या करून खुशीत आणि उरलेली तोंड वाकडं करून घामाघूम. "अप्रभावी" हा शिक्का एकदा बसला की पोरगं घरी जाऊन आधी आईची आणि मग बापाची जीभ तपासतं. दोघांनाही नळी जमली आणि याला नाही, तर त्याला कुठून आणलं असेल याचा तो रात्रभर विचार करतो. खरी हकीकत अशी की हा नियम १९४० साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामांकित शास्त्रज्ञाने मांडला होता. १९५२ साली जुळ्यांची तपासणी झाली. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्यांपैकी ७ जोड्यांत एकाला नळी जमत होती, दुसऱ्याला नाही. म्हणजे तेच जनुक, जिभा वेगळ्या. स्टर्टेव्हंटने स्वतःच पुढे आपलं म्हणणं मागे घेतलं. तो मागे आला, शाळा मात्र अजून जीभ बाहेर काढूनच उभ्या आहेत.

आता मिरचीकडे येतो, कारण वाणगाव-चिंचणी पट्ट्यात आनुवंशिकतेचं खरं शिक्षण ढोबळी मिरचीने दिलंय. हिवाळ्यात या भागात हिरवीगार, चौकोनी, तुकतुकीत ढोबळी निघते. तिचं बियाणं दुकानातून येतं, संकरित, आणि पाकिटाची किंमत ऐकून माणसाला मिरची न खाताच ठसका लागतो. आमच्या आळीतल्या एका मावशींना हा खर्च पटेना. "फळातच तर बी आहे, मग दुकानात कशाला?" त्यांनी वाफ्यातली सगळ्यांत देखणी मिरची निवडली, पिकवली, बी काढून राखेत घोळवून डब्यात ठेवलं. पुढच्या हंगामात वाफा उभा राहिला आणि मावशी पायरीवर बसल्या. एक झाड गुडघ्याएवढं, दुसरं छातीएवढं. एकाला लांबुडकी मिरची, दुसऱ्याला सुपारीएवढी, तिसऱ्याला पानंच पानं. "कोणी नजर लावली गं?" मावशी म्हणाल्या.

नजर मेंडेलची. संकरित बियाण्याचे आई-बाप दोन वेगळ्या पण आपापल्या जागी अगदी शुद्ध जातींचे असतात, म्हणून त्यांची पहिली पिढी एकसारखी निघते, जणू डायवरून काढलेली. पण या पिढीच्या पोटात दोन्हीकडचे गुण दडलेले असतात. तिचं बी पेरलं की दडून बसलेले आजी-आजोबा एकेक करून बाहेर येतात, आणि आजी-आजोबांचं एकमेकांशी किती पटत होतं ते तेव्हा कळतं. बियाण्याच्या कंपन्या याच भांडणावर चालतात. शेतकरी दर वर्षी दुकानात जातो तो आजी-आजोबांना घरात बसवून ठेवण्यासाठी.

मावशींनी त्या वाफ्याला नंतर खतपाणी घालणं थांबवलं नाही, हे सांगायला हवं. "आल्या तर आल्या, काय टाकून द्यायच्या?" त्या मिरच्या त्यांनी उकडहंडीत घातल्या. वालाची पापडी, कोनफळ, रताळी आणि त्या सुपारीएवढ्या. चांगल्या लागल्या.

ताडाची गोष्ट याहून ताणाची. ताडाचं झाड नर किंवा मादी असतं, आणि ते काय आहे हे बाहेरून कळत नाही. तुरा येईपर्यंत थांबायचं, आणि तुरा यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. ताडगोळे फक्त मादीला. नर निघाला तर ताडी मिळेल, पण उन्हाळ्यात हायवेवर टोपली घेऊन बसायचं स्वप्न संपलं. एवढा एक प्रसंग असा आहे की मुलगी व्हावी म्हणून माणसं देव पाण्यात ठेवतात. इकडे घरात मुलगी झाली की सुनेकडे तिरकस बघणाऱ्या सासवा अजून आहेतच. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की आईकडे द्यायला फक्त एक्स असतो. वाय असलाच तर तो तुमच्या चिरंजिवांकडे, आणि तो या वेळी त्यांनी दिला नाही. जाब विचारायचा तर त्याला विचारा, तो ओटीवर पेपर वाचतोय.

आणि जिताडा? हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो, नर म्हणून संसार करतो, आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. उरलेलं आयुष्य अंडी घालण्यात जातं. बाजारात मोठा जिताडा घासाघीस करून घेताना हे आठवलं की त्याच्याबद्दल आदर वाटतो. संसाराच्या दोन्ही बाजू अनुभवलेला हा आपल्या ताटातला पाहुणा.

लग्न जमवताना मात्र आपण आनुवंशिकतेचं काम ग्रहांवर सोपवतो. छत्तीसपैकी किती गुण जुळले, नाडी एक आहे का, मंगळ कुठे बसलाय. नाडीदोष म्हणजे आपल्या पूर्वजांचं रक्तशास्त्रच होतं, असं एक गृहस्थ प्रत्येक लग्नात समजावून सांगतात. त्यांना साधी रक्ततपासणी सुचवली की लगेच म्हणतात, "आमच्याकडे असलं काही नसतं." असलं काही म्हणजे काय, ते डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवरच्या आरोग्यसेविकेला विचारावं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एक बिघडलेला जनुक घेऊन जगणाऱ्या माणसाला सहसा त्रास होत नाही; उलट मलेरियापासून त्याचं थोडं रक्षण होतं, म्हणूनच तो जनुक मलेरियाच्या मुलखात टिकून राहिला. पण असे दोघे नवरा-बायको झाले की प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक. २०२३ पासून यासाठी तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून बघा असं सांगितलं जातं. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे स्वस्त आहे, शिवाय यात ग्रहांना मध्ये घ्यावं लागत नाही. पाड्यावरची मुलं-मुली ती कार्डं बघायला लागली आहेत. आमच्या आळीत अजून मंगळच चालू आहे.

रक्ताच्या नात्याचा हिशेब मांडणारा आणखी एक मोठा शास्त्रज्ञ आपल्याकडे येऊन राहिला होता. जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली इंग्लंड सोडून आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याच्याबद्दल सांगतात की, भावासाठी जीव देशील का असं विचारल्यावर तो म्हणाला, एका भावासाठी नाही; दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. गणित बरोबर आहे. सख्ख्या भावात आपले सरासरी निम्मे जनुक, चुलत भावात आठवा हिस्सा, म्हणजे दोन किंवा आठ वाचवले की आपली फिटंफाट. पण हा हिशेब त्याने आमच्याकडे येऊन सामाईक बांधावर बसून केला असता तर बरं झालं असतं. इथे आठही चुलत भाऊ एका नारळाच्या झाडावरून कोर्टात आहेत आणि त्यांना वाचवायला कोणी जीव दिला तर त्याच्या हिश्शाचं काय, यावर नववा दावा उभा राहील.

भाऊबंदकीत एक शब्द फार येतो, "आमचं मूळ घराणं". प्रत्येकाचं मूळ कुठल्या तरी राजाच्या पदरी जाऊन थांबतं. मी एकदा आमच्या आळीतल्या तात्यांना विचारलं, चिंचणीचं मूळ काय ते माहीत आहे का? तात्या म्हणाले, "शुद्ध." मग मी त्यांना ताम्रपटांची गोष्ट सांगितली.

चिंचणीत राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडले आहेत. दिनेशचंद्र सरकार यांनी ते एपिग्राफिया इंडिकाच्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राजा तिसरा इंद्र. तेव्हा हा सगळा मुलूख संयान मंडळात, म्हणजे तलासरीच्या पलीकडच्या आजच्या संजाणच्या हाताखाली होता आणि त्याचा कारभारी होता मधुमती. हे नाव महंमदचं संस्कृत रूप आहे. गृहस्थ ताजिक, म्हणजे अरब. त्याने ओढ्यांवर फुकट नावा ठेवल्या, संयानला भात, कालवण, तूप वाढणारं अन्नछत्र घातलं, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन द्यायला मान्यता दिली. कानडी मुळाचा राजा, अरब सुभेदार, ब्राह्मणाचा मठ, संस्कृत भाषा आणि तांब्याचा पत्रा आमच्या गावात.

"अरब?" तात्या म्हणाले. "पण तो कारभार करून गेला. इथे राहिला कुठे?"

मी म्हटलं, राहिलेल्यांचंही ऐका. संजाणला उत्खननात पारशांच्या जुन्या दख्म्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या जागेत, हाडं सापडली. त्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास २०१७ साली जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात आला. बापाकडचा वारसा वाय गुणसूत्रात पाहतात, आईकडचा पेशीतल्या मायटोकाँड्रियात. तो फक्त आईकडूनच येतो, मुलगा असो की मुलगी. आजच्या पारशांत बापाकडचा वारसा बहुतांशी इराणकडचा निघाला. पण संजाणच्या त्या जुन्या हाडांपैकी जवळजवळ निम्म्यांत आईकडचा वारसा याच उपखंडातला.

तात्यांनी हे दोनदा समजावून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे बाप होडीतून आले."

"हो."

"आणि आया इथल्या. निम्म्या तरी."

"तसं दिसतं."

"म्हणजे मामा आम्ही!"

जनुकशास्त्रात इतकं पटकन कोणी मत बदललेलं मी पाहिलं नाही. शुद्ध मूळ घराणं तिथल्या तिथे बाजूला पडलं. हजार वर्षांपूर्वी कोणाची पोरगी कोणाला दिली याची यादी तात्यांनी मनातल्या मनात करायला घेतली असावी, कारण पुढच्याच आठवड्यात ते घोलवडला एका ओळखीच्या पारशी बागाईतदाराकडे गेले. नातं नीट समजावून सांगितलं, हाडांपासून मायटोकाँड्रियापर्यंत, आणि आता घरचंच आहे तर लिचीच्या भावात काही सूट मिळेल का, असं विचारलं.

बागाईतदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तात्या, मामा भाच्याला देतो. घेतो कधीपासून?"